मागची डावी काच

मे महिन्यात रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलं
की मर्डीना मॅकॅस्किल ताडपत्री काढते,
आणि आठवडा होत नाही तोच
माझ्या गॅरेजच्या दारात तिचा हॉर्न.
एकदाच. आखूड.
रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई,
उगाच वाजवणं तिला खपत नाही.

"लेवी, मागची डावी."

काच पत्र्याच्या पोटात पडलेली.
वर कचऱ्याची काळी पिशवी, चिकटपट्टीनं डकवलेली,
आणि ग्लेस बेचं धुकं
मागच्या सीटवर आधीच बसलेलं,
फुकट.

छप्पर उघडणाऱ्या गाडीत काचेला चौकट नसते.
साध्या गाडीची काच तिन्ही बाजूंनी धरलेली असते,
ही उघड्यावर उभी,
एका रबराच्या भरवशावर.
आत अंधारात एक तार, एक कप्पी,
आणि नखाएवढा प्लास्टिकचा चाप.
चाप तुटतो. दर वेळी तोच.
मी नवा मागवतो, बसवतो,
आणि तो वर्षभरात पुन्हा तुटणार
हे मला बसवतानाच ठाऊक असतं.

गाडी रोरीनं घेतली, खाण बंद झाली त्या वर्षी.
हातात आलेल्या पैशात शहाण्यानं
घराचं छप्पर शाकारून घेतलं असतं.
त्यानं छप्पर नसलेली गाडी आणली.
पिवळी.
तीस वर्षं जमिनीखाली होतो, म्हणाला,
आता वर काही नको.
चार उन्हाळे चालवली त्यानं.

मी काम करतो तेव्हा ती बॅटरीच्या उलट्या खोक्यावर बसते.
थर्मासमधला चहा, ओटची बिस्किटं,
ऑर्गनचा कुठला पेडल अडकतो,
कोण वरच्या सुरांत गायला गेलं नि तोंडघशी पडलं.
रोरीचं नाव निघत नाही.
कप्पीवरून सुटलेली तार मी सावकाश गुंडाळतो,
जरुरीपेक्षा सावकाश.

आता सांगूनच टाकतो.
पितळेचा चाप मी पहिल्याच वर्षी घडवला होता,
वडिलांच्या लेथवर, कानस मारून मारून.
खणात पडून आहे, फ्यूजच्या डबीखाली.
चांगला झालाय. माझ्यामागेही टिकेल.
म्हणूनच बसवला नाही.
ताकाला जाऊन भांडं लपवतात लोक,
माझ्याकडे तर ताकच दारात यायचं,
आणि भांडं तेवढं मी खणात ठेवलेलं.

यंदा तिनं बटण दाबून कान लावला.
"मोटर अर्धा सूर उतरलीय."
मग चहावर फुंकर घालत म्हणाली,
"जुलैत हॅलिफॅक्सला चाललेय. बहिणीकडे.
घर विकलं."
मी पान्हा शोधत राहिलो, तो हातातच होता.
"तिथं काचा करणारं कोण भेटतंय मला.
खणातला बसव."

खणातला.
दोन वर्षांपूर्वी, म्हणे, तू फोनवर होतास,
मला फ्यूज हवा होता.

दोन वर्षं!
म्हणजे मागच्या मे महिन्यातली बिस्किटं,
त्याआधीचीही,
सगळी ठाऊक असून आणलेली.

पितळेचा चाप एका दमात बसला.
रुळांना ग्रीस लावलं, तार ताणली.
काच वर आली, सरळ, न कुरकुरता,
आणि रबराला टेकून थांबली.
"आता सुरात आहे," ती म्हणाली.
बिल मी केलं नाही. तिनं खोक्यावर
थर्मास विसरल्यासारखा ठेवला.

गाडी निघाली, छप्पर मागे, चारी काचा खाली,
धुकं आत-बाहेर.
पोस्टाच्या कोपऱ्यावर ब्रेकचा लाल दिवा लागला,
आणि मागची डावी एकटीच वर आली.
खाली गेली.
पुन्हा वर.