हुंकार

सकाळी साडेदहापासून मी
एकशे बारा काळ्या चौकोनांशी बोलते आहे.
कुणाचं नाव, कुणाचा नुसता मोबाईलचा नंबर,
एका चौकोनात फक्त 'पप्पा'.

नागभीडच्या आमच्या कॉलेजात
ग्रंथालयातला एकच प्लग धड चालतो,
म्हणून राष्ट्रीय परिषद
जुन्या गॅझेटिअरच्या कपाटाला टेकून बसलेली.
प्राचार्य चिलबुले सर दारातून खुणावतात:
मॅडम, लोक टिकवा.
फाइलीत शंभराच्या वर आकडा पाहिजे.

काय नाही केलं मी?
मतचाचणी घेतली. तेवीस जणांनी 'होय' दाबलं,
प्रश्न अजून पडद्यावर यायचा होता.
गावाचं नाव लिहा म्हटलं, तर
सगळ्यांनी 'नमस्कार' लिहिलं,
एकानं, 'प्रमाणपत्राची लिंक?'
बीजभाषण झालं. बीज कुठं पडलं, कळलं नाही.
मध्येच कुणाच्या तरी कुकरनं तीन शिट्ट्या दिल्या,
तेवढीच काय ती दाद.

दुपारी युगेश्वरी कोसनकरचा निबंध:
बोडीकाठच्या लोककथा, एक अभ्यास.
रेंजसाठी ती पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर,
मागे लाखोरीची निळी फुलं,
ओढणी माईकवर फडफडतेय.
चौथ्या पानावर थांबली.
"आवाज येतोय ना?"
कुणीच नाही.
मी 'येतोय, येतोय' म्हणाले,
तर माझाच माईक बंद.

तेवढ्यात खालून तिची आई:
"कोनासंगं बोलतेस वं मघापासून?"
"एकशे बारा लोकायसंगं."
"मंग हुंकार काऊन नाई देत कोनी?
हुंकार नाई, त गोष्ट कोनाले सांगतेस?"

आणि ती पायऱ्या चढून आली,
वालाच्या शेंगांचं सूप मांडीवर घेऊन
लेकीशेजारी टेकली. सांग, म्हणाली.
एक वाक्य, एक शेंग, एक हूं.

युगेश्वरीनं कागद पालथे घातले.
तळटीपा गेल्या, 'प्रस्तुत' गेलं,
बोडीच्या तळाशी राहणारी म्हातारी आली,
गावाला पाणी ओंजळीनं मोजून देणारी.

कुठल्याशा चौकोनातून, घसा खाकरून: हूं.
मग यवतमाळहून एक.
मग 'पप्पा'च्या अंधारातून
एका लहान पोराचं, "मंग?"

म्हातारीनं दार उघडलं
आणि आमची लाइन गेली.

अहवाल लिहिला. उपस्थिती एकशे बारा.
अभिप्राय: उत्तम, उत्तम, छान, उत्तम.
हुंकाराला रकाना नाही.
समासात पेन्सिलीनं मांडून ठेवले, सात,
त्यातला एक दारात उभ्या चिलबुले सरांचा.
पोराचं "मंग?"
मोजावं की नाही, ठरत नाही अजून.