दहा नंबरचा पाना

गाडी एक, चालवणारे दोघे:
दिवसा एलिसेओ बार्रिया, रात्री मी.
पुंता अरेनासच्या वाऱ्यात टॅक्सीचं दार
दोन्ही हातांनी धरून उघडावं लागतं,
आणि पेट्रोल कुणाच्या पायाखाली जळतं
हे आमचं भांडण तीन हिवाळे जुनं.

तो म्हणे, नोल्फा, तू गाडी उभी ठेवून इंजिन गुरगुरवतेस.
मी म्हणे, तू प्रत्येक सिग्नलला शर्यत लावतोस.
वहीत दोघांचा मिळून एकच आकडा:
लिटरला दहा. पूर्वी बारा होते.

टायरवाला मान्सिया म्हणाला,
कॉम्प्युटरला तुम्हा दोघांच्या खोडी लागल्यात.
विसरू दे त्याला.

रविवारी दहा नंबरच्या पान्याने
बॅटरीची काळी वायर सोडली.
अर्धा तास चहा घेत बसलो, हळू बोलत,
जणू बॉनेटखाली कुणाचा डोळा लागलाय.

वायर जोडली.
सुई वर गेली, खाली आली, अडखळली,
बंदच पडते की काय असं झालं.
रेडिओची स्टेशनं गेली.
घड्याळाचे तर बारा वाजले,
शब्दशः.

एलिसेओ फेरी मारून आला: उडतेय नुसती!
रात्री मलाही उडाल्यासारखी वाटली.
वाटणारच. पान्याची मेहनत होती.

पहिली टाकी, साडेनऊ.
शिकतेय अजून, तो म्हणाला.
दुसरी, पावणेदहा.
तिसरी, दहा.
शिकली म्हणायची.

मग पिवळा दिवा लागला.
मिर्ताने थर्मोस्टॅट काढून तळहातावर ठेवला,
रुपयाएवढा, उघडाच अडकलेला.
इंजिन कधी तापतच नव्हतं,
आणि कॉम्प्युटर इमानाने
गारठलेल्याला द्यावं तेवढं जास्तीचं पेट्रोल देत होता.
त्याने विसरायचं तरी काय?
थंडी त्याला रोज नव्याने वाजत होती.

हीटरची हवा कोमट यायची,
तीन हिवाळे.
आम्ही वाऱ्याला शिव्या दिल्या.

आता साडेअकरा पडतात.
उरलेला अर्धा कुणाच्या पायाखाली जातो
यावर आमचं सुरू आहे.
घड्याळ कुणीच लावलेलं नाही.
परवा पहाटे एका खलाशाने विचारलं, किती वाजले?
मी म्हटलं, कधीपासून?