डाव्या रिकिबीचा मान

ऑर्देलच्या राज्यात सिंह, गरुड, रानडुक्कर
मोठ्या घराण्यांनी आधीच वाटून घेतले होते.
आम्ही पोचलो चिखलातून, उशिरा,
आमच्या वाट्याला पाणकोंबडी आली.
निशाणावर ती जरा बदकासारखी दिसते.

वेस्केन घराणं म्हणजे
दलदलीतली सात गावं,
त्यांतलं एक भरतीच्या वेळी नसतं,
एका लाकडी पुलाच्या जकातीचा तिसरा हिस्सा,
आणि एक मान:
राज्याभिषेकाला नवा राजा घोड्यावरून उतरेल
तेव्हा डावी रिकीब धरायची.
दोन्ही हातांनी. नजर खाली.
एवढंच. सनद आहे, सनदेवर मोहोर आहे,
मोहोरेची अर्धी लाख उंदरांनी खाल्ली.

म्हातारा राजा मरेना.
एकसष्ट वर्षं राजधानीत खोकत राहिला.
आजोबा वाट बघत गेले.
बाबांनी मागच्या अंगणात पिंपावर खोगीर बांधलं,
थोरल्या चंद्राच्या दर अमावास्येला सराव.
धाकट्या चंद्राला आमच्याकडे कुणी मोजत नाही.
पिंपावर राजा म्हणून कधी मी, कधी कायरेन,
कुणीच नसलं तर मिठाचं पोतं.
पोत्यालाही बाबा ‘महाराज’ म्हणत.

कायरेनला त्याच राजानं लढाईवर नेलं.
परत आला एक बूट. डावा.
आई म्हणाली, अडकवा आता हा तुमच्या रिकिबीत.
बाबांनी अडकवला नाही.
टाकलाही नाही.

मग एका पहाटे पुलापलीकडून घंटा.

नऊ दिवसांची वाट, मागून आणलेलं खेचर,
आजोबांचा झगा, कमरेत दोरीनं आवळलेला.
राजवाड्याच्या यादीत आमचा नंबर एकतिसावा,
ससाण्यांच्या पिंजऱ्यामागे,
मेणबत्त्या विझवणाऱ्याच्या पुढे.
कारकून म्हणाला, वेस्केन? ते बदकवाले?
बाबा म्हणाले, हो.
आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला दुरुस्त केलं नाही.

नवा राजा म्हणजे नऊ वर्षांची पणती निघाली,
पुढचा एक दात पडलेला, मुकुट कानांवर टेकलेला.
घोडा मात्र खरा. पांढरा, उंच, चिडका.
बाबांनी गुडघा टेकला,
त्याचा कट्ट आवाज मला नगाऱ्यांतूनही ऐकू आला.
रिकीब धरली. दोन्ही हातांनी. नजर खाली.

आणि उजव्या बाजूनं एका पहारेकऱ्यानं
काखेत हात घालून,
गाडीतला भोपळा उतरवावा तसं
महाराणींना उचलून जमिनीवर ठेवलं.

मिरवणूक पुढे सरकली. घोडाही नेला.
बाबांचे हात तसेच, ओंजळीसारखे, हवेत.
‘उतरल्या?’
‘उतरल्या.’
‘भार जाणवला नाही.’
‘लहान आहेत, बाबा. पाय हलका.’

परतीच्या वाटेवर प्रत्येक खानावळीत
तो पाय आणखी हलका होत गेला.
पहिल्या रात्री चिमणीएवढा,
पाचव्या रात्री पिसाएवढा,
शेवटी पुलावरच्या जकातवाल्याला ते म्हणाले,
अरे, धुकं टेकावं तसा.
मी लगाम धरून पाण्याकडे बघत राहिले.
धाकटा चंद्र तेवढा वर होता.

आता माझी व्हेर्ना पाच वर्षांची झालीय.
अमावास्येला पिंपावर चढते,
डोक्यावर चाळणीचा मुकुट,
आणि बाबा, एका हातानं भिंतीचा आधार घेत, खाली बसतात.
काल ती उजवीकडूनच उडी मारून उतरली,
थेट चिखलात, खिदळत.
मी दारातून ओरडले, अगं, डावीकडून!

बाबांनी मान वर केली नाही.
रिकीब धरलेली तशीच.
‘उतरू दे,’ म्हणाले,
‘राण्या तिकडूनच उतरतात.’

मी दारातच उभी.
त्यांनी तळवे झग्याला पुसले,
रिकीब परत धरली.
‘चढा, महाराज. पुन्हा.’