रफार

शाळेला शंभर वर्षं झाली. अहवालात
संस्थापिकेला आठ ओळी, हेडबाई म्हणाल्या.
मी बसले लिहायला.
जन्म : तांडापेठेत, बापाने माग विकला त्या साली.
शिक्षण : पुढची जागा कोरी.

पारबता हेडाऊ, पाचपावलीच्या कारखान्यात बिडी वळणारी.
हजाराचे कट्टे चाळीस. मुनीम वहीत चौतीस मांडायचा,
उरलेले म्हणे छाट.
आणि ती छाट संध्याकाळी इतवारीत विकली जायची, चांगल्या भावाने.
तिला आधी अक्षरं नको होती.
तिला ते सहा कट्टे हवे होते.

आकडे ती शिकली इतवारी स्टेशनात,
हमालांच्या पाठीवरची पोती वाचून वाचून.
मग शिकवले. मांडीवर सूप, सुपात ओली पानं,
कैचीच्या टोकाने पानावर चौतीस, चाळीस,
पुढे पुढे ग, म, भ.
तेंदूचं पान ओलं असलं की ओरखडा लगेच काळा पडतो.
मुनीम आला की देवका, फुंदा, कौतिका
पान उलटून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून मोकळ्या.
"काय करून राहिल्या गं?"
"काई नाई बाप्पा, वळून राहिलो."
कामठीच्या छावणीत कुणा शिपायाने,
वर्ध्याच्या गाडीत कुणा वकिलाने
ओढली असेल अख्खी बाराखडी,
राख झटकली असेल खिडकीबाहेर.

सव्वीसच्या वैशाखात एकदा
सगळ्या जणी मोठ्याने मोजायला लागल्या.
मुनीम चौतीसला थांबला.
बायका थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून पारबताच्या वाट्याला फाटकी पानं.
सात महिने.
देवकाची माय दारात येऊन बोलली,
मोजणारी पोट्टी कोण करून नेईन?
यावर पारबता काय म्हणाली, कुणाला आठवत नाही.
देवका दुसऱ्या दिवशी आली नाही.
तिसऱ्या दिवशी आली, मायला घेऊन.

गांजाखेतातल्या बंद तेलघाणीत मग शाळा भरली.
जुनी हजेरी मला तिथल्याच पेटीत सापडली,
अजून जवसाचा वास.
प्रत्येक पानाखाली सही : पारबता हेडाऊ.
जोडाक्षरं तिला शेवटपर्यंत जमली नाहीत.
मुली पुढे गेल्या, नर्सा झाल्या, एक तर तलाठी,
त्यांच्या दाखल्यांवरही हीच सही.

काल छापखान्यातून कच्ची प्रत आली.
कुणीतरी मेहेरबानीने नाव दुरुस्त केलेलं : पार्बता.
मी लाल पेनने ब वरचा रफार खोडला.
पोरगा म्हणाला, मॅडम, हे चुकीचं दिसते.
दिसू दे, म्हटलं.