आवाज कुठल्या वायरीनं येतो

रविवारी रात्री मशीन अपग्रेड केलं
आणि सोमवारपासून ट्यूनर कार्ड ओळख देईना.
स्लॉटमध्ये आहे. स्क्रू आवळलेला.
सोनेरी दात खोडरबरानं घासून दोनदा बसवले.
सिस्टीम म्हणते, आहे काहीतरी इथं,
कुणाचं ते कळत नाही.
सर्वसाधारण.

भरमाण्णा पावशे रोज दहाला येतात,
शहापूरच्या खडेबाजारातली माझी झेरॉक्सची पायरी
गुडघ्यावर हात ठेवून चढतात.
पिशवीत व्हिडिओ कॅसेट, कॅसेटीवर बुरशी,
बुरशीखाली बॉलपेनानं: फड, ८९.
"आज हुतंय की न्हाई, पोरी?"
"बघू की ओ."
"तीन दिस झालं, बघूच म्हणूलीस."

जुन्या सिस्टीमला काही सांगावं लागत नव्हतं.
नवीला नंबर हातानं द्यावा लागतो,
कार्ड अमुक, ट्यूनर तमुक,
मग उतरवा, मग परत चढवा.
एक. निळा पडदा.
दोन. निळाच.
एकोणीसला पट्टे आले, मागावरून काठ सरकावा तसे,
आणि सरकतच राहिले.
मी वहीत टिपत गेले, दुधाच्या हिशोबाखाली.
लाइट गेली, आली.
भरमाण्णांनी चहा बशीत ओतून घेतला,
मला विचारलं नाही काही. बरं केलं.

अडतीसला माती दिसली.
जांभळी होती, पण माती.
रंगाची पद्धत बदलली तशी लाल झाली,
आणि लाल मातीत दोन माणसं
एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभी.

"आवाज?"
आवाज नव्हता.
हलगीवाला जीव खाऊन मारत होता, कापसावर मारावं तसा.
फेट्यातला एक किडका माणूस माइक धरून
नुसतं तोंड हलवत होता.
"ह्यो मी," भरमाण्णा म्हणाले.

मी टेबलाखाली शिरले, वायरी बघायला.
पिवळी पिन ठीक. पांढरी ठीक. लाल जरा ढिली.
आणि वर, माझ्या डोक्यावर,
स्टुलावर बसलेल्या माणसानं सुरू केलं:
"आला, आला, चंद्याप्पा पटाला आला!
मल्लेशी हुशार गडी, हात काढून घेतलान!
आता कब्जा! मागनं कब्जा! ओ मंडळी, खाली बसा,
मागच्याला दिसंना झालंय!"
झेरॉक्सला आलेली दोन पोरं
खरंच खाली बसली.

तेवढ्यात मला दिसलं.
अपग्रेडनं लाइन-इन मुकं करून ठेवलं होतं.
दोन बारके एम, शेजारी शेजारी.
वायरीत काही नव्हतंच.
एम दाबला.

हलगी आली आधी, कडाकडा.
मग तिच्यावरून एक तरुण, टोकदार आवाज:
"हिडदा! हिडदा नोडरी! एत्तिदा...
बिद्दा! मल्लेशी बिद्दा!"

भरमाण्णा मधेच थांबले.
तोंड उघडंच, पुढचा डाव जिभेवर.
"कुठला हो फड?" मी विचारलं.
"यमकनमर्डी."
मग बऱ्याच वेळानं,
"मला वाटायचं, मी मराठीतच बोललो हुतो."
पडद्यावर चंद्याप्पाला खांद्यावर घेऊन
लोक गोल फिरत होते, कुणीतरी नारळ पुढं केला.
"बरं बोलतंय पोरगं," ते म्हणाले.
"दम जरा जास्त घेतंय."

मग म्हणाले, परत लाव. पहिल्यापासनं.
आणि ते काय दाबलीस, ते दाब परत.

मी एम दाबला.
चंद्याप्पा पटाला आला.

दोन सीडी केल्या, एक बोलती, एक मुकी.
पैसे एकीचेच घेतले.
अडतीस नंबर फाइलमध्ये लिहिला,
वहीतलाही खोडला नाही.
सिस्टीम आणखी एकदा बदलेलच.