डावा डोळा मार्चपर्यंत

रविवारपर्यंत सूट आहे, ओरेस्ट म्हणतो
आणि टोस्टला लोणी लावत राहतो, लावून झालं तरी.
मी काही बोलत नाही.
एकेचाळीस वर्षांत एवढं कळलंय,
ताकाला आला की हा भांडं कुठे लपवतो ते.

तळघरात जाऊन बघा.
बुटांच्या खोक्यांत बीटाच्या कॅसेटी.
"आता यापुढे काही घ्यायचं नाही," म्हणाला होता चौऱ्याऐंशीत,
तेव्हा आमच्याकडे सोफाही नव्हता.
मग व्हीएचएस, कारण शेजारच्या हाल्यूककडे तीच
आणि उसनं देणं-घेणं थांबलं होतं.
मग लेझरडिस्क, जेवणाच्या ताटाएवढ्या,
सिनेमा ऐन रंगात आला की उठून उलटायच्या.
एकदा चिडून एकीवर मी पिरोही वाढले.
तीन दिवस बोलला नाही.
चौथ्या दिवशी मऊ फडक्याने ती पुसत बसलेला दिसला.
मग डीव्हीडी. मग ब्लू-रे.
सिनेमा एकच, पाचदा विकत घेतलेला:
गव्हाच्या शेतातून एक माणूस घोड्यावरून निघून जातो
आणि परत येत नाही.
पाचही वेळा आला नाही.

शनिवारी दुकानात गेलो. विनिपेगमध्ये उणे एकतीस,
पापण्या चिकटत होत्या.
रेनान्ते, आमच्या धाकट्याच्या वर्गातला,
दोन पडदे शेजारी शेजारी लावून उभा.
हा जुना, हा फोर-के. घोड्याच्या आयाळीचे केस मोजा, म्हणाला.
ओरेस्टने चष्मा काढला, पुसला, घातला,
पुढे झाला, मागे झाला.
"जमीन-अस्मानाचा फरक," म्हणाला.
बोट जुन्याकडे होतं.

रेनान्ते छताकडे बघू लागला. भला मुलगा.

घोडं पेंड खात होतं ते इथे.
गाडीत मी म्हटलं, आधी डोळे.
डॉक्टर फ्रीसेनची चिठ्ठी दोन वर्षं फ्रिजवर,
मक्याच्या कणसाच्या चुंबकाखाली.
"पण सूट उद्यापर्यंतच आहे."
म्हटलं, डोळ्यांचे पैसे सरकार देतं,
याहून मोठी सूट कुठली?

सूट संपली. दुसरी लागली.

फेब्रुवारीत उजवा झाला. डावा मार्चअखेर.
पट्टी निघाली त्या दिवशी घरभर हिंडला,
एक डोळा झाकून, मग दुसरा,
जकात नाक्यावरच्या कारकुनासारखा.
पडदे पांढरे आहेत, म्हणाला, माझ्यावर आळ घेतल्यासारखा,
मी दहा वर्षं सायीच्या रंगाचे समजत होतो.
बर्फ निळा आहे. नळावर चुना आहे.
मग माझ्याकडे बघितलं, उजव्याने. बराच वेळ.
मग डाव्याने.
"काय?"
"काही नाही. स्वेटर हिरवा आहे."

आता हा उद्या उजाडताच दुकानात, मला वाटलं.
कार्ड मीच त्याच्या कोटाच्या खिशात ठेवलं,
नाहीतरी हरवून आला असता.

रात्री खालून आवाज आला, खुरांचा.
पायऱ्यांवर अर्ध्यात थांबले.
जुनी डीव्हीडी, तोच गहू, तोच माणूस,
आणि ओरेस्ट
नव्या डोळ्यावर तळहात ठेवून बसलेला.

"दुखतोय का?"
"नाही."
मग म्हणाला, "घोड्यामागे टायरच्या खुणा आहेत.
शेतभर. ट्रकच्या असाव्यात.
इतकी वर्षं दिसल्या नव्हत्या."
"आणि त्या नव्यात?"
"नव्यात टायरची नक्षीसुद्धा दिसेल."
हात काढला नाही.
डाव्यातून, त्या पिवळट, साकळलेल्या डाव्यातून
अजून पाच आठवडे
शेत सोन्याचं राहणार होतं.

मी खाली उतरले
आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.