बाहेर एक

मी रावेरकडच्या केळीचा मापाडी.
काटा मारला म्हणून आत आहे,
खटला अजून उभा राहिलेला नाही.
कंपाउंडर आजारी पडला तेव्हा साहेब म्हणाले,
याला आकडे कळतात, वही याच्याकडे द्या.
तर आता माझ्याकडे एक वही आहे,
सुतळीने बांधलेलं पेन
आणि बोटाला लावायचा तो चिमटा.

धुळ्याचा मे महिना.
भिंत रात्री दोनलाही तव्यासारखी.
तीन नंबरची बराक चोवीस माणसांची,
आम्ही एकाहत्तर.
आवारात चुन्याने गोल आखलेत, सहा सहा फुटांवर.
सकाळी अर्धा तास आम्ही त्या गोलांत उभे राहतो
शहाण्या पोरांसारखे.
संध्याकाळी कुलूप पडलं की
कूस बदलायची तर अख्ख्या ओळीला सांगावं लागतं.

पहिल्यांदा कळलं ते असं.
दगा आप्पाची जागा संडासाला लागून.
सात महिने तो नाकाला फडकं बांधून निजायचा.
एका सकाळी म्हणाला,
"आज वास येस नही, भो."
आम्ही हसलो. म्हाताऱ्याला सवय झाली, म्हणालो.
दोन दिवसांनी त्याच्या बाजूच्यालाही सवय झाली.
मग त्याच्या बाजूच्याला.
शुक्रवारी डाळ करपली
आणि सगळ्या पंगतीने ती निमूट खाल्ली.

चिमटा लावतो. थांबतो.
आकडा आधी नाचतो, मग बसतो.
काट्याची सुईही अशीच,
घाई करणाऱ्याला फसवते.
शहाण्णव. पंच्याण्णव. पंच्याण्णव.
रेमसिंग पावरा हात पुढे करत नाही,
त्याला वाटतं अंगठा घेताहेत.
मागे एकदा घेतला होता,
तेव्हापासून तो इथे आहे.
अंगठा नको, म्हणतो मी, हे मधलं बोट.
सत्त्याण्णव.
चढावर वाढलेली छाती.
त्याचा सुटायचा कागद आलाय,
जामीनदार आलेला नाही.
धडगावहून यायला गाडी लागते आणि गाड्या बंद आहेत.
कागद उशाशी आहे, घडी घालून, चपलेखाली.

दगा आप्पा. चौऱ्याऐंशी.
बोट पुसून लावला. दुसऱ्या हाताला लावला.
चौऱ्याऐंशी.
साहेब दारातूनच म्हणाले,
सिव्हिलला खाट नाही, सोबत द्यायला गार्ड नाही,
तू चौऱ्याण्णव लिही, उद्या बघू.
दहाचाच तर फरक.

दहा.
शंभर किलोला मी दीड मारायचो.
वकिलाने बोलू नको म्हटलंय, तरी सांगतो.
शेतकरी समोर उभा असायचा
आणि सुई माझ्या अंगठ्याला ओळखायची.
पण दहा?
दहा मी कुणाच्याच मालात मारले नाहीत.

आठ लिहिला, चार लिहिला,
इतका दाबून की खालच्या तीन पानांवर उमटला.
साहेबांनी वही पाहिली, मला पाहिलं,
मास्क वर ओढला आणि गेले.

गाडी पहाटे तीनला आली.
एक हात स्ट्रेचरच्या दांडीला बेडीने अडकवलेला,
दुसऱ्याने त्याने माझी बाही धरली.
"मनी जागा कोनले दिऊ नको."
संडासाजवळची जागा. दीड वीत.

त्यानंतर रोज गिनती व्हायची
आणि शिपाई ओरडायचा, आत सत्तर, बाहेर एक.
दहाव्या संध्याकाळी तो म्हणाला,
सत्तर.
शिट्टी वाजली तरी रांग हलली नाही.
आम्ही पुढच्या दोन शब्दांसाठी थांबलो होतो.

बरेच दिवस तिथे कुणी निजलं नाही,
एकमेकांच्या अंगावर पडून राहिलो.
मग रेमसिंग सरकला, ताप येऊन गेल्यावर,
न विचारता.
काल रात्री त्याने नाक दाबलं
आणि पावरीत एक लांबलचक शिवी दिली.
कुणी हसलं नाही.
मी अंधारातच वही उघडली, लिहिलं,
वास येतो.